अंगठ्याचा घाट

मनकर्णेने चिन्मयीचा डावा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, अंगठ्याचं मूळ दोन बोटांनी चाचपलं आणि उजव्या हातात तयार धरलेली हिरवी बांगडी मुकाट्याने परत डब्यात ठेवली.

“काय झालं?” मेघाने विचारलं. ती नवरीची आई. सकाळपासून उभीच होती.

“मोठी होते.”

“पण मी फोनवर लहान माप सांगितलं होतं तुम्हाला.”

“लहानच आहे ते. हिच्या हाताले तेही मोठं होते.”

तिने हात पुन्हा दाबून पाहिला. पन्नास वर्षं ती बायकांचे हात दाबत आली होती. प्रत्येक हातात अंगठ्याच्या मुळाशी एक हाड आडवं येतं. बांगडीला तेवढा एकच घाट चढायचा असतो; पलीकडे मनगट सपाट. कोणाचा घाट उंच, कोणाचा ठेंगणा. धुणीभांडी करून काहींचा वाढतो, बाळंतपणात काहींचा उतरतो. या हाताला घाटच नव्हता. तिने जरासा दाब दिला तर अंगठा तळहातात निघून गेला, मागोमाग करंगळी आली, आणि पाच बोटांची मिळून एक निमुळती कळी तिच्या मुठीत राहिली.

मनकर्णेने डब्याचा तळाचा कप्पा उघडला. पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक जुडगा तिथे होता. सुतळी सोडली तेव्हा आतली काच सकाळच्या उजेडात एकदम हिरवी झाली. प्रत्येक बांगडीवर बारीक सोनेरी ठिपके होते. अशा ठिपक्यांचा माल आता बाजारात येत नाही.

खिडकीखाली परात घेऊन बसलेल्या यमुताई अक्षतांसाठी तांदूळ निवडत होत्या. त्यांची बोटं तांदळात थांबली, मग पुन्हा फिरू लागली.

मुलीचं लक्ष दुखण्यावरून उडावं म्हणून मनकर्णेच्या सासूने एक ओवी शिकवली होती. सवयीने ती तोंडात आली.

बांगडी वं बाई, चढ अंगठ्याचा घाट,
पल्याड मनगट माय पाहे हिरव्याची वाट.

पहिली ओळ संपायच्या आत बांगडी मनगटावर पोचली होती. दुसरी ओळ मनकर्णेने मनातल्या मनात म्हणून टाकली.

“दुखलं काय वं?”

“तिथे नाही, मावशी. खांद्यात. हात असा लांब धरला की खांदा उतरतो.”

“उतरते म्हणजे?”

“निखळतो. एक मिनिट हं.”

चिन्मयी पाटावरून उठली. परवावर तिचं लग्न आलं होतं. केसांत गजरा होता, उजव्या मनगटाला सांध्याच्या आधाराचा काळा पट्टा. ती स्वयंपाकघराच्या दारापाशी गेली, चौकटीला खांदा टेकवला, श्वास सोडला आणि अंग अर्धं वळवलं. बोट मोडल्यासारखा बारीक आवाज झाला. ती परत येऊन बसली आणि तोच हात पुढे केला.

हॉलमध्ये सगळ्यांची कामं चालूच राहिली. रोजचं असावं.

“कोणत्या डॉक्टरनं शिकवलं हे?”

“डॉक्टर तर रागावले, असं करते म्हणून. हे मी सहा वर्षांची होते तेव्हापासून करते. आत्यानेच सांगितलं होतं, दाराला टेक म्हणून. नाही का गं आत्या?”

“मी कशाला सांगू?” यमुताई परातीतून मान वर न करता म्हणाल्या. “तूच काहीतरी धडपडून शिकली असशील.”

यमुताई चिन्मयीचे वडील मार्तंडराव यांच्या थोरल्या बहीण. बावीस वर्षांपूर्वी यजमान गेले तेव्हापासून त्या भावाकडे, त्रिमूर्तीनगरच्या या फ्लॅटमध्ये राहत होत्या. घरात काय शिजेल आणि कोणाला काय सांगितलं जाईल हे त्या ठरवत. मार्तंडराव जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. तिथे त्यांनी तीस वर्षं साहेबांचं ऐकलं आणि घरी ताईचं.

“नाव काय म्हणे बिमारीचं?” मनकर्णेने दुसरी बांगडी चढवत विचारलं.

“एलर्स-डॅन्लॉस.”

“अबब. इंग्रजाची दिसते.”

“इंग्रजाची कुठली, घरचीच आहे,” चिन्मयी हसली. “अंगात सगळीकडे एक चिवट धागा असतो म्हणे, सांधे बांधून ठेवणारा. माझा मुळातच सैल विणला गेलाय. म्हणून बोटं मागे जातात, गुडघे मागे जातात. त्यावर औषध नाही. व्यायाम करून स्नायू घट्ट करायचे, मग धाग्याचं काम ते करतात. थोडंफार.”

“एवढे दिवस कोणाले समजलं नाही?”

“सगळे म्हणायचे नाजूक आहे. नाहीतर नाटकं करते. पीटीचे सर तेवढे खूश असायचे. या डॉक्टरांनी नऊ मार्कांची परीक्षा घेतली. अंगठा आत दुमडून मनगटाला टेकतो का, करंगळी उलटी उभी राहते का, कोपर, गुडघे, आणि गुडघे न वाकवता तळहात जमिनीला लागतात का. मला नऊपैकी आठ.”

“शाळेत कधी पडले नाहीत एवढे,” वेदिका म्हणाली. ती मेघाच्या बहिणीची मुलगी, सकाळच्या बसने कामठीहून आलेली. पोह्यांची बशी मांडीवर घेऊन ती आपल्या नंबराची वाट पाहत होती.

“तू गप. तुला नऊपैकी भोपळा.”

“भोपळा काहून? पोहे खाऊन राहिली ना व्यवस्थित दोन्ही हातांनी.”

मेघाही हसली असती; पण तिचं लक्ष टीपॉयवर होतं. तिथे पाणी प्यायच्या तांब्याखाली एक कागद होता, वाऱ्याने उडू नये म्हणून ठेवलेला. मनकर्णेला वाचता येत नव्हतं, तरी त्या कागदावर वाचण्यासारखं फार नव्हतंच. रेघांनी जोडलेले गोल आणि चौकोन होते, रांगोळीचे ठिपके जोडावेत तसे. सगळे कोरे होते. खालचा एक गोल पेनाने काळा केलेला, आणि त्याच्या वरचा एक पेन्सिलीने.

“हे काय होय?”

“डॉक्टरांनी मागितलंय,” चिन्मयी म्हणाली. “बाईला गोल, माणसाला चौकोन. ज्याला हा त्रास, तो काळा करायचा. खालची मी. माझ्या प्रकाराचं रक्तात अजून काही सापडत नाही, म्हणून घरातली माणसंच बघतात. कोणाकडून आलं ते कळलं की त्या बाजूच्या लोकांना तपासायला बोलावतात. आज चारला धंतोलीत, दवाखान्यात द्यायचाय हा कागद.”

“अन् वरची?”

चिन्मयीने आईकडे पाहिलं. मेघाने तबकातली कुंकवाची कोयरी उगाच उघडली आणि बंद केली.

“आमच्या घरात हाडाला कोणी ढिलं नाही,” यमुताई म्हणाल्या. “आई पंच्याऐंशी वर्षांची होऊन गेली, शेवटपर्यंत काठी घेतली नाही. मेघाची आई तर लवकरच गेली. कशाने गेली कोणाला माहीत? असं मधली एखादी पिढी सोडून येतं.”

“डॉक्टर तसं म्हणाले नाहीत, आत्या.”

“डॉक्टर परवा भेटले तुला. मी सव्वीस वर्षं बघून राहिली आहे.”

“आईला काहीही नाही. तिचा अंगठा हलत पण नाही.”

“राहू दे, चिनू,” मेघा हळूच म्हणाली. “केलाय ना काळा? झालं. परवा लग्न आहे. मला काय फरक पडतो?”

फरक पडला होता. पंधरा दिवसांपूर्वी चिन्मयीने गौरांगला, नवऱ्या मुलाला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, बरं. त्याच्या आईने मात्र फोन करून एवढंच विचारलं, की हे कोणाकडून आलं. मेघा शब्द जुळवत होती तेवढ्यात यमुताईंनी फोन आपल्याकडे घेतला आणि सांगून टाकलं, की मुलीच्या आजोळचं आहे. चिन्मयीचं लग्न त्यामुळे मोडलं नाही. पण वेदिकाला बघून गेलेली माणसं गौरांगच्या नात्यातली होती. त्यांनी आठ दिवसांनी कामठीला निरोप पाठवला, सध्या थांबू या. मेघाच्या बहिणीने फोनवर दोष दिला नाही, रडलीही नाही. लग्नाला मात्र आपण येऊ की नाही ते सांगता येत नाही म्हणाली, आणि वेदिकाला एकटीला पाठवून दिलं.

त्याच संध्याकाळी मेघाने स्वतः पेन्सिल मागून घेऊन आपला गोल काळा केला होता.

मनकर्णेने त्यांचं बोलणं ऐकून घेतलं. ती बांगड्या भरत राहिली. सासूने तिला धंद्यात आणलं तेव्हा दोनच गोष्टी सांगितल्या होत्या: दुखवायचं नाही आणि बोलायचं नाही. कासारीण शंभर घरांत पार आतपर्यंत जाते. कोणाच्या हातावर डाग आहे, कोणाचं मनगट सुजलं आहे, कोणती सून हात पुढे करताना दचकते, हे तिला नवऱ्यांच्या आधी कळतं. ते तिने उंबऱ्यावर ठेवून यायचं. मनकर्णेने ते पाळलं. महाल भागातली दुकानाची खोली गेली, आता ती वाडीला मुलाजवळ राहत होती, डबा घेऊन शेअर ऑटोने फिरत होती; पण त्या शंभर घरांपैकी निम्मी अजून तिलाच बोलावत.

सासूची आणखी एक रीत तिने उचलली होती. मालावर व्यापारी आकडे घालून देत. ते तिला पाठ होते, पण ते व्यापाऱ्याचे. तिची मापं बायकांच्या नावांनी होती. जे माप ज्या हातावर पहिल्यांदा नेमकं बसलं, त्या हाताचं नाव त्या मापाला. शेवंताबाईचं माप. पोस्टातल्या बाईंचं माप. त्यांतल्या कित्येक जणी आता नव्हत्या. मापं होती.

तळाच्या जुडग्यालाही नाव होतं. बांगडी परत डब्यात ठेवताना ते तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते परतवलं.

पन्नास वर्षांपूर्वी, महालातच, अशाच एका चुड्याला ती सासूमागे डबा धरून बसली होती. पंधरा वर्षांची, लग्न होऊन चार महिने झालेले, अजून एकही हात भरला नव्हता. नवरी वीसेक वर्षांची, ताठ मानेची. सासूने नवरीचा हात एकदा दाबला आणि मागे वळून म्हणाली, “मनकर्णे, हा हात तू भर. याच्यावर फुटणार नाही.” खरंच फुटली नाही. मनकर्णा धंदा शिकली ती त्या हातावर. पुढे नवरी माहेरी आली की दर संक्रांतीला ती त्याच मापाची बांगडी घेऊन जायची. मग एक दिवस ते थांबलं. त्या बाईचा हात पदराखाली गेला आणि पुन्हा कासारणीच्या मांडीवर आला नाही. जुडगा तसाच राहिला. एवढं लहान माप मोठ्या बाईला होत नाही. काच खराब होत नाही.

“मार्तंडा, नारळाची पिशवी दिवाणाखाली गेली बघ,” यमुताई म्हणाल्या.

मार्तंडराव आतून आले. मंडपवाल्याशी त्यांचं फोनवर चालूच होतं. खांद्याने फोन कानाशी दाबून ते जमिनीवर बसले, पिशवी ओढली आणि उठताना डाव्या तळहातावर भार दिला. कोपर सरळ होऊन थांबलं नाही. ते मागे गेलं, धनुष्य उलटं धरावं तसं. मग ते उठले, पिशवी घेतली आणि “अहो, निळं नाही, निळं कापड नाही सांगितलं,” असं म्हणत बाल्कनीत गेले.

मनकर्णेची नजर त्या कोपराबरोबर बाल्कनीपर्यंत गेली. पुरुषांचे हात कासारणीच्या मांडीवर येत नाहीत. या घरातला हा हात तिने कधी जोखला नव्हता.

“तुमच्या बाबाची नाही घेतली परीक्षा?” तिने चिन्मयीला विचारलं.

“दोनदा विचारलं. दोनदा ते मंडपवाल्याशी बोलत होते. म्हणतात मला कधी काही दुखत नाही.”

“त्याला काय होणार आहे?” यमुताई म्हणाल्या. तांदळातला एक खडा त्यांनी उचलला, उजेडात धरला आणि वाटीत टाकला.

उजव्या मनगटाचा पट्टा काढून चिन्मयीचे दोन्ही हात भरून झाले. मनकर्णेने चुड्याला हळदकुंकू लावलं. चिन्मयी खाली वाकून तिच्या पाया पडली. उठताना मेघाने तिला काखेतून धरलं, हात न ओढता. त्या धरण्यात सराव होता. मेघाने आपल्या मुलीला इतकी वर्षं कसं उचललं, कसं न्हाऊ घातलं, कसं रस्ता ओलांडताना बोटाऐवजी दंड धरून चालवलं, ते सगळं त्या एका धरण्यात दिसत होतं.

“चला, माझा नंबर,” वेदिका पाटावर येऊन बसली. “मला पण त्याच ठिपक्याच्या पाहिजेत.”

“थ्या तुले होत नाहीत.”

“बघा तरी.”

मनकर्णेने तिचा हात घेतला, दाबला आणि कपाळाला हात लावला.

“हा हात आहे का लोखंडी सब्बल होय वं? घाट म्हणावं का रामटेकचा गड?”

“चढा ना मग. पायऱ्या आहेत तिथे.”

“पायऱ्या तरी असत्या.” मनकर्णेने मोठी बांगडी घेतली, अंगठा आत दाबला. अंगठा जागचा हलेना. वेदिका ओठ चावून हसत होती, डोळ्यांत पाणी आलं होतं. बांगडी निम्म्या घाटावर गेली आणि तडकली.

“वाढली,” मेघा पटकन म्हणाली. शुभकार्यात फुटली म्हणत नाहीत.

“माझ्याच हातावर वाढायची होती. आधीच आमचं काय काय वाढून राहिलं आहे,” वेदिका म्हणाली आणि लगेच तिने जीभ चावली.

मेघा वर्तमानपत्राचा तुकडा घेऊन काचा गोळा करू लागली. ते काम वाकून करायचं होतं, तोंड खाली ठेवून.

“जाय, साबणाचं पाणी आण वाटीत,” मनकर्णा म्हणाली. वेदिका पाणी घेऊन आली. मनकर्णेने तिच्या हाताला फेस लावला आणि डब्यातून दुसरा जुडगा काढला. “मेघाताईच्या मापाच्या देते. तुह्या मावशीचा हात असाच. पहिल्या संक्रांतीले मी तिच्या हातावर पाच वाढवल्या होत्या. तिची सासू म्हणे, मनकर्णे, सुनेचा हात आहे, लाकूड नाही.”

“मावशीचं माप म्हणजे?”

“माह्याकडं आकडे नसतात बेटा. ज्या बाईच्या हातावर बसलं, त्या बाईचं माप.”

“भारी आहे! म्हणजे माझा हात मावशीवर गेला.” साबणाने बांगडी सरकली आणि मनगटावर पडली. वेदिकाने हात वर करून हलवला. “आणि चिन्मयीचं कोणाचं माप?”

मनकर्णेने पुढची बांगडी उचलली. तिने ती पदराला पुसली, पुन्हा पुसली.

“सांगा ना.”

“पाणी थंड झालं. बदलून आण.”

“अहो आत्ताच तर आणलं. सांगा ना मावशी, असेलच की कोणीतरी. एवढासा हात काय तिच्या एकटीचा आहे?”

चिन्मयी चुड्याचे हात मांडीवर ठेवून बसली होती. तिने मान वर केली. मनकर्णेने मेघाकडे पाहिलं. मेघा काचांची पुडी बांधत होती. एक बारीक तुकडा तिच्या बोटाला लागला होता आणि ती ते बोट तोंडात न घालता नुसतं बघत होती.

“या घरातलंच आहे,” मनकर्णा म्हणाली.

एवढंच ती बोलली. पन्नास वर्षांत उंबऱ्याच्या आत तिने असं काही म्हटलं नव्हतं. तिने वेदिकाचा हात पुन्हा फेसात बुडवला आणि कामाला लागली.

परात फरशीवर सरकल्याचा आवाज झाला. यमुताई भिंतीला धरून उठल्या. त्या सावकाश चालत आल्या, वेदिकाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि वेदिका न विचारता पाटावरून बाजूला झाली. यमुताई पाटावर बसल्या. त्यांनी उजवा हात पदरातून काढला आणि मनकर्णेच्या मांडीवर ठेवला.

“भर,” त्या म्हणाल्या.

“ताई…” मेघा म्हणाली.

“एकच भर. बघू बसते का अजून.”

मनकर्णेने कोणती म्हणून विचारलं नाही. सोनेरी ठिपक्यांच्या चार बांगड्या सुतळीवर उरल्या होत्या. तिने त्यातली एक सोडवली. हात बावीस वर्षांनी तिच्या मुठीत आला होता. कातडी सैल झाली होती, शिरा वर आल्या होत्या, सांधे जाड झाले होते. तिने अंगठ्याच्या मुळाशी जरासा दाब दिला. अंगठा तळहातात निघून गेला. मागोमाग करंगळी आली. चिन्मयी पाटाच्या कडेशी गुडघ्यांवर बसून ते बघत होती. तिच्या भरल्या हातांचा आवाज थांबला होता.

मनकर्णेने ओवी म्हटली नाही. तेवढा वेळच लागला नाही.

यमुताईंनी मनगट वळवून पाहिलं. बांगडी कोपराकडे घसरली आणि परत खाली आली.

“उमरेडला सासरी विहीर खोल होती,” त्या बांगडीकडे बघत म्हणाल्या. “बादली वर येता येता खांदा खाली यायचा. मग माजघराच्या दाराशी जायचं, चौकटीला टेकून बसवून यायचा आणि पुन्हा बादली. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, पाणी भरायचं म्हटलं की ही दारामागे जाते. कामचुकार.”

बाल्कनीतून मार्तंडरावांचा आवाज येत होता. आता खुर्च्यांचं चाललं होतं.

“आत्या, मला का नाही सांगितलं?”

“तुला दाराला टेकायला सांगितलं ना.”

चिन्मयीने त्यांचा हात हातात घेतला. दोघींचे हात एकमेकींच्या हातांत दुमडले गेले, इतके की कुठला अंगठा कोणाचा ते ओळखू येत नव्हतं.

“मेघा,” यमुताई म्हणाल्या. “खोडरबर आहे का घरात?”

मेघा उभी होती. तिने काचांची पुडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“असेल,” ती म्हणाली. जागची हलली नाही.

वेदिकाच उठली, दोन खण उघडले, तिसऱ्यात सापडलं. तिने ते टीपॉयवर, तांब्याशेजारी ठेवलं.

मार्तंडराव फोन खिशात घालत आत आले. “झालं का तुमचं? साडेतीनला निघावं लागेल धंतोलीला, आज रस्त्याचं काही खरं नाही.”

“मार्तंडा, इकडे ये.”

“काय?”

“शाळेत मुलांना दाखवायचास ते दाखव.”

“काय दाखवायचो?”

“अंगठा.”

मार्तंडराव गोंधळून हसले. “काय ताई, आता या वयात, पोरींसमोर. आई केवढी ओरडायची, सर्कशीत जायचंय का म्हणून.” पण थोरल्या बहिणीने सांगितलं होतं. त्यांनी डावा हात पुढे धरला, उजव्या हाताने अंगठा आत दाबला. तो काही अडचण न येता खाली आला आणि मनगटाच्या आतल्या बाजूला सपाट टेकून राहिला.

“अजून येतंय की,” ते म्हणाले आणि कोणीतरी हसेल म्हणून सगळ्यांकडे पाहिलं. मग त्यांना बहिणीच्या मनगटावरची हिरवी बांगडी दिसली. हात तसाच धरून ते उभे राहिले.

चिन्मयीने तांब्या उचलून बाजूला ठेवला आणि कागद पुढे ओढला. आईचा गोल ती खोडू लागली. पेन्सिल दाबून फिरवली होती. पटकन निघत नव्हती. कडेकडेने, मग मधून. बांगड्या कागदावर किणकिणत होत्या. मधेच तिने फुंकर मारली आणि काळे कण टीपॉयवरून खाली उडाले.

यमुताई पाटावरून उठल्या, परातीपाशी गेल्या. तांदूळ अजून अर्धे निवडायचे होते.

पाट रिकामा झाला. मेघा सकाळपासून पहिल्यांदा खाली बसली. काचांची पुडी तिने शेजारी ठेवली, पदराने बोट पुसलं आणि हात मनकर्णेच्या मांडीवर ठेवला.

“माझ्याही भरा,” ती म्हणाली. “साबण लागेल.”